महामारीत लैंगिक अल्पसंख्याकांचे नुकसान वेगळे का मोजावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मदतसंस्थेत नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्याकडे पुढच्या महामारीच्या पूर्वतयारीचा आराखडा लिहिण्याचे काम आले आहे. विकसनशील देशांतील समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी (जन्मतः नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण असावे, असे त्यांना वाटते. त्यांच्या वरिष्ठांचे म्हणणे असे, की विषाणू कोणाची लैंगिकता विचारून शरीरात शिरत नाही, गरिबाला जो फटका बसतो तोच यांनाही बसतो, मग वेगळे प्रकरण कशासाठी? यात बरोबर कोण आणि कामाला सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून मदतकार्यात आलो आणि कोविडच्या काळातला माझा बहुतेक वेळ याच समूहांसाठी धान्य, औषधे आणि निवारा यांची जुळवाजुळव करण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या वरिष्ठांचे पहिले वाक्य खरे आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तुमची काळजी रास्त असली, तरी स्वतंत्र प्रकरण हा तिच्यावरचा उपाय आहे, असे मला वाटत नाही. त्याचे कारण शेवटाकडे येईल.

मुळात प्रश्न विषाणूचा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जगभरच्या सरकारांनी जवळजवळ सारखेच आदेश काढले: घरात राहा, कुटुंबामागे एवढे धान्य घ्या, बाहेर पडलात तर ओळखपत्र दाखवा, लक्षणे दिसली तर कोणाकोणाला भेटलात ते सांगा. यातला प्रत्येक आदेश काही गोष्टी गृहीत धरतो. घर सुरक्षित असते, कुटुंब रक्ताचे किंवा लग्नाचे असते, कागदावरचे नाव आणि समोरचा चेहरा जुळतो, आणि आपण कोणासोबत होतो हे सांगायला कोणाला भीती वाटत नाही. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ही गृहीतके बरीचशी खरी ठरतात, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. ज्यांच्या बाबतीत ती खोटी ठरतात, त्यांना तोच आदेश वेगळ्या तऱ्हेने लागू होतो.

अर्थात सगळ्यांना सारखा नाही, हेही आधीच कबूल केले पाहिजे. स्वतःची खोली, संगणकावर करता येणारी नोकरी आणि बँकेत शिल्लक असलेल्या समलिंगी पुरुषाचे ते वर्ष त्याच्या शेजाऱ्यासारखेच गेले असण्याची शक्यता आहे. माझ्या ओळखीच्या एका पारलिंगी तरुणाला तर मुखपट्टीचा काळ आयुष्यातला सर्वांत निवांत काळ वाटला, कारण चेहऱ्याकडे निरखून पाहणारे डोळे प्रथमच थांबले होते. दिवसाच्या कमाईवर जगणारी तृतीयपंथी व्यक्ती, आईवडिलांच्या घरात गुपित सांभाळून राहणारी मुलगी आणि निर्वासित छावणीतला समलिंगी तरुण यांचे प्रश्न एकमेकांपेक्षा फार वेगळे असतात. देशाचा कायदा समलिंगी संबंधांना गुन्हा मानतो की नाही, यावर तर पुढचे सगळेच अवलंबून असते. २०२० साली असे संबंध गुन्हा मानणारे साठाहून अधिक देश होते आणि त्यांतले बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतले होते. तेव्हा खाली जे लिहितो आहे ते तुमच्या देशाला आणि वस्तीला लावून पाहा, जसेच्या तसे उचलू नका.

घरापासून सुरुवात करतो. ज्या तरुणांनी शहरात स्वतःपुरते मोकळे आयुष्य उभे केले होते, त्यांची वसतिगृहे बंद झाली, नोकऱ्या गेल्या आणि त्यांना ज्या घरापासून लांब जायचे होते त्याच घरात महिनोन्महिने राहावे लागले. आमच्या मदतवाहिनीवर एक मुलगी रोज दुपारी फोन करत असे. बोलता बोलता मध्येच तिचा सूर बदलायचा आणि ती म्हणायची, ‘‘हो, नोट्स मिळाल्या, दुसरा धडा राहिलाय.’’ म्हणजे भाऊ खोलीत आला. मग आमची कार्यकर्ती दोन मिनिटे खरोखरच धड्यांविषयी बोलत राही. काही आठवड्यांनी तिने फोनवर बोलणेच सोडले आणि लिहून पाठवू लागली. तेही न्हाणीघरातून, नळ सोडून. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की नुसत्या बोलण्यावर चालणारी मदतवाहिनी टाळेबंदीत फारशी उपयोगी नसते, कारण जिला बोलायचे असते तिच्या शेजारीच ज्याच्याविषयी बोलायचे तो बसलेला असतो.

गुपित फुटले, तर टाळेबंदीत बाहेर पडायलाही जागा नसते. मोरोक्कोत एप्रिल २०२० मध्ये समाजमाध्यमावरील एका प्रसिद्ध व्यक्तीने प्रेक्षकांना समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपवर खोटी खाती उघडून आपल्या आसपास कोण आहे ते पाहण्यास सुचवले. त्यानंतर अनेकांची छायाचित्रे पसरली. त्या देशात समलिंगी संबंध हा गुन्हा आहे आणि त्या वेळी संचारबंदीही होती, त्यामुळे घराबाहेर काढलेल्या मुलापुढे रस्ता आणि पोलीस एवढेच पर्याय उरत होते.

आता चुलीकडे येतो, कारण माझ्या मते सर्वाधिक माणसे इथे गळतात आणि दुरुस्ती करणेही इथेच सर्वांत सोपे आहे. मदतवाटपाचे एकक बहुतेक ठिकाणी कुटुंब हे असते आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुले, फार तर म्हातारे आईवडील. एका छताखाली राहणारे सात-आठ तृतीयपंथी, गुरू आणि चेल्यांचे घर, दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा संसार, घरातून हाकललेल्या पाच मुलांनी भाड्याने घेतलेली एक खोली, ही सगळी घरेच आहेत, पण रकान्यात बसत नाहीत. मग आठ जणांच्या घराला धान्याचा एकच संच मिळतो किंवा ‘कुटुंब नाही’ म्हणून काहीच मिळत नाही.

भारताचे उदाहरण घेऊ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख ही घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री असते. स्त्रियांच्या दृष्टीने ही तरतूद चांगलीच आहे. पण ज्या घरात कागदोपत्री एकही स्त्री नाही, त्या घराला पहिल्याच रकान्यात अडखळावे लागते. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळू लागले, मात्र ज्या पारलिंगी व्यक्तीचे नाव गावाकडे आईवडिलांच्या पत्रिकेवर होते, तिचे पाच किलो गावाकडेच गेले. त्याच सुमारास स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले. खाते ‘पुरुष’ म्हणून उघडलेले असेल, तर स्त्री म्हणून जगणाऱ्या त्या व्यक्तीला ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. केंद्र सरकारने तृतीयपंथी व्यक्तींसाठी दीड हजार रुपयांचे एकवेळचे साहाय्य जाहीर केले, हे खरे आहे. पण दीड हजार रुपयांत किती दिवस निघतात आणि ज्याचे बँकेत खातेच नाही त्याने ते कसे घ्यावेत, हे प्रश्न उरलेच.

हे केवळ कोविडचे वैशिष्ट्य समजू नका. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये अन्नाची कुपने स्त्रियांच्याच हाती देण्यात आली होती. हेतू उत्तम होता, पण ज्या समलिंगी पुरुषांच्या घरात स्त्री नव्हती ते रांगेबाहेर राहिले. दहा वर्षांनी महामारीत तीच चूक नव्या कागदावर झाली, म्हणून मी चुलीवर इतका वेळ घालवतो आहे.

कमाईविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग तुमच्या आराखड्यात असेलच. बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे), रस्त्यावर मागणे, देहविक्री, नाच, लग्नसराईतले काम, ब्यूटी पार्लर हे सगळे माणसे जवळ येण्यावर चालणारे व्यवसाय आहेत आणि टाळेबंदीत ते एका रात्रीत थांबले. भारतात तर त्यासाठी चार तासांची सूचना मिळाली होती. या कामांची कुठे नोंद नसते, म्हणून असंघटित कामगारांसाठीच्या योजनाही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. भाडे थकले, की घरमालक इतर भाडेकरूंपेक्षा यांना लवकर बाहेर काढतो, कारण यांच्या बाजूने बोलणारे शेजारी कमी असतात.

कागद आणि चेहरा यांची गोष्ट लॅटिन अमेरिकेत सर्वांत उघडपणे दिसली. पनामाने १ एप्रिल २०२० पासून स्त्रियांना सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि पुरुषांना मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी बाहेर पडण्याची मुभा दिली. वेळही ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यावरून ठरत होती. त्यामुळे स्त्री म्हणून जगणारी पण कागदावर पुरुष असलेली व्यक्ती स्त्रियांच्या दिवशी गेली तर कागद आडवा येई आणि पुरुषांच्या दिवशी गेली तर चेहरा. पोलिसांनी अडवल्याच्या, दंड केल्याच्या आणि अपमान केल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. पेरूनेही त्याच आठवड्यात असाच नियम आणला आणि साधारण आठवड्याभरात मागे घेतला. तो मागे पडण्याला कारण होते ते बाजारातल्या गर्दीचे. घरची खरेदी मुख्यतः स्त्रियाच करत असल्याने त्यांच्या दिवशी बाजार ओसंडून वाहत होते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे एप्रिलमध्येच सम तारखांना स्त्रिया आणि विषम तारखांना पुरुष, असा नियम झाला, मात्र पारलिंगी व्यक्तींनी स्वतःच्या ओळखीनुसार दिवस निवडावा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हाच्या महापौर क्लॉदिया लोपेझ स्वतः उघडपणे समलिंगी आहेत, याचा त्या वाक्याशी काही संबंध असावा, असा माझा अंदाज आहे. हे वाक्य आदेशात आले म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक पोलीस सुधारला असे नाही, पण अडवलेल्या माणसाला बोट ठेवून दाखवायला काहीतरी होते.

भारतात दिवसांची वाटणी झाली नाही, तरी कागदाचा पेच होताच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० रोजी लागू झाला. त्याचे नियम मात्र सप्टेंबर २०२० मध्ये आले आणि ओळख प्रमाणपत्रासाठीचे संकेतस्थळ नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. म्हणजे टाळेबंदीचे सर्वांत कडक महिने कायदा आहे पण प्रमाणपत्राची खिडकी बंद, अशा अवस्थेत गेले. विलगीकरण केंद्रात एका पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या कक्षात खाट देण्यात आली आणि तिने ती रात्र बाहेरच्या बाकावर बसून काढली, हे मी पाहिले आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांच्याकडे दोनच दारे होती.

औषधांची बाब अधिक नाजूक आहे. एचआयव्हीच्या एआरटी (विषाणूला दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या रोज आणि ठरलेल्या वेळी घ्याव्या लागतात, पारलिंगी व्यक्तींचे संप्रेरक (हार्मोन) उपचारही मध्येच तोडून चालत नाहीत. रुग्णालये कोविडसाठी राखली गेली, वाहने बंद झाली, लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया ‘तातडीच्या नाहीत’ म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. यावर अनेक देशांनी प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एकदम तीन महिन्यांच्या एआरटी गोळ्या देण्यास सुरुवात केली. हा निर्णय उत्कृष्ट होता आणि तो कायम ठेवावा, असे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. एक रुग्ण मला म्हणाला, की एक डबी मी कपड्यांच्या घडीत लपवत होतो, तीन कुठे लपवू? तो डबीत कापूस भरून ठेवत असे, म्हणजे हलवली तरी गोळ्या वाजत नाहीत. शेवटी आम्ही त्याच्या गोळ्या एका कार्यकर्त्याच्या घरी ठेवल्या आणि आठवड्याला लागतील तेवढ्या पोहोचवत राहिलो. त्यासाठी त्या कार्यकर्त्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास हवा होता, आणि तो मिळवण्यात आमचे पहिले तीन आठवडे गेले.

दोष देण्याची सवय महामारीइतकीच जुनी आहे. २०१४ साली लायबेरियात इबोला पसरला तेव्हा तिथल्या चर्चप्रमुखांनी समलैंगिकतेसारख्या पापांमुळे देव कोपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर समलिंगी लोकांना धमक्या आणि मारहाण सोसावी लागली. मार्च २०२० मध्ये हैदराबादेत तृतीयपंथीयांशी बोलल्यास कोरोना होईल, अशी भित्तिपत्रके लागली होती. अशा वातावरणात पोलिसांना दिलेले जादा अधिकार कोणावर चालतील, हे ओळखणे अवघड नसते. युगांडाची राजधानी कंपालाजवळच्या एका निवाऱ्यावर २९ मार्च २०२० रोजी छापा पडला आणि २३ जणांना पकडण्यात आले. रोग पसरेल असे वर्तन केल्याचा आरोप ठेवून त्यांतल्या बहुतेकांना मेच्या मध्यापर्यंत तुरुंगात ठेवण्यात आले. टाळेबंदीचे कारण सांगून वकिलांनाही भेटू दिले नाही आणि शेवटी खटला मागे घेण्यात आला. घरातून हाकलले म्हणून ही मुले एकत्र राहत होती, आणि एकत्र राहतात म्हणून ती गुन्हेगार ठरली. फिलिपिन्समध्ये संचारबंदी मोडल्याबद्दल एका गावप्रमुखाने याच समूहातल्या तीन जणांना चुंबन घ्यायला आणि नाचायला लावून त्याचे थेट चित्रण प्रसारित केले. रोगप्रतिबंधाशी त्याचा काय संबंध होता, हे त्यालाच ठाऊक.

इथवर पाहिले तर घर, चूल, कागद, औषध आणि पोलीस, प्रत्येक ठिकाणी नुकसान साथीच्या बंदोबस्तातून आले आहे. म्हणजे ते मोजायला हवे. पण मोजायचे कसे, इथे मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो आहे.

देणगीदारांना पुरावा हवा म्हणून आम्ही धान्याचा संच घेताना प्रत्येकाचे छायाचित्र काढत होतो. त्यामागे आमच्या संस्थेचा फलक दिसत असे आणि फलकावर संस्था कोणासाठी काम करते ते स्पष्ट लिहिलेले होते. त्यांतले एक छायाचित्र कुठूनतरी फिरत एका मुलाच्या गावी पोहोचले. त्याने मला फोन करून एवढेच विचारले, ‘‘सर, तो फोटो काढायलाच पाहिजे होता का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून छायाचित्रे बंद झाली. यादीत फक्त घराचा क्रमांक आणि माणसांची संख्या राहिली, आणि खरी नावे वस्तीतल्या एका विश्वासू व्यक्तीच्या वहीत. देणगीदारांपैकी दोघांनी कुरकूर केली, बाकीच्यांनी समजून घेतले.

मोजले नाही तर वाटा मिळत नाही आणि मोजले तर यादी चुकीच्या हातात पडू शकते, हा खरा पेच आहे आणि त्याला सर्वत्र चालेल असे उत्तर नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. प्रत्यक्षातली संख्या याहून बरीच अधिक असावी, असे या क्षेत्रात काम करणारे मानतात, आणि तरीही नियोजनाला तोच आकडा धरला जातो. जिथे कायदा मान्यता देतो तिथे मी स्वघोषणेवर आधारित नोंदणीचा आग्रह धरतो. जिथे कायदा गुन्हा मानतो तिथे नावांची यादी करूच नये. तिथे शिधा वस्तीतल्या संस्थेच्या हाती ठोक द्यावा आणि हिशेब संख्येचा घ्यावा, माणसांचा घेऊ नये. संपर्कशोधाचेही तसेच आहे. दक्षिण कोरिया श्रीमंत देश आहे, पण तिथला धडा आपल्याला उपयोगी पडतो. मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांतून साथ पसरली, त्यांतले काही समलिंगी क्लब असल्याच्या बातम्या झळकल्या आणि तिथे गेलेले लोक उघडे पडण्याच्या भीतीने चाचणीला येईनात. मग शहराने नाव न देता चाचणी करण्याची सोय केली आणि लोक येऊ लागले. तुमच्या वरिष्ठांना पटवायचे असेल, तर हे उदाहरण आधी सांगा, कारण यात केवळ अल्पसंख्याकांचा नव्हे, साथ आटोक्यात आणण्याचा प्रश्न आहे.

आता स्वतंत्र प्रकरणाविषयी. माझा अनुभव असा, की असे प्रकरण आराखड्याच्या शेवटी जाते, त्यात संवेदनशीलतेविषयी चार चांगली वाक्ये असतात आणि साथ आली की धान्य वाटणारा माणूस दुसरे प्रकरण उघडतो, अकरावे उघडत नाही. म्हणून तुम्ही दुसऱ्याच प्रकरणात शिरा. आराखड्यातला प्रत्येक अर्ज, पास आणि यादी घेऊन बसा आणि ज्या व्यक्तीला घर नाही, लग्न नाही आणि कागद जुळत नाही, ती हा अर्ज कसा भरेल, हे रकान्यागणिक पाहा. हे एकट्याने करू नका. दोन-तीन समूहांतील माणसांना सोबत बसवा आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्या. त्यांचे कार्यकर्ते अत्यावश्यक सेवकांच्या यादीत आजच घाला, साथ आल्यावर पास मिळत नाहीत. विलगीकरण केंद्रात निदान एक लहान खोली अशी ठेवा, जिच्या दारावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

आणि कुटुंबाची व्याख्या बदलण्यासाठी वरिष्ठांशी वाद घालत बसू नका, ती बदललेली आहेच. भारतीय जनगणना एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांचे एक घर धरते आणि आपसांत नाते नसलेल्या माणसांचेही घर असू शकते, हे मान्य करते. तुमच्या शिधावाटपाच्या अर्जात ‘कुटुंबप्रमुखाचे नाव व नाते’ हा रकाना असेल, तर तो खोडून त्या जागी ‘एका चुलीवर जेवणाऱ्यांची संख्या’ एवढेच लिहा. माझ्या संस्थेत तो बदल एका दुपारी झाला आणि त्याला कोणाचीही हरकत आली नाही.